लंकाबाईंच्या नावाखालची ओळ

६ जानेवारी २०२५, सोमवार

आमच्या शाळासमूहाचे संचालक उपेंद्र सरांनी ते काम शेवटी माझ्याच गळ्यात घातलं. आमच्या समूहाच्या सातही शाळाप्रमुखांची पुस्तिका. कोण कुठून आलं, शाळा चालवताना काय विचार करतं — प्रत्येकी दोन पानं आणि एक फोटो. नऊ फेब्रुवारीला वर्धापनदिनी वाटायची. म्हणाले, तू चांगलं लिहितेस. मी लगेच हो म्हटलं. कौतुक केलं की मी कशालाही हो म्हणते.

१० जानेवारी, शुक्रवार

ओझर झालं. भिमाजी सर. बारा वर्षं विमान कारखान्यात फिटर होते. नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून बी.ए., मग बी.एड., मग नोकरीच सोडली. पोरांना सायकलचा पंप जोडायला देतात, नंतर तो दुसऱ्या पोराला उघडायला लावतात. का, विचारलं. म्हणाले, दुसऱ्याला उघडता येईल असंच बांधायचं असतं. मस्त! दोन पानं तिथेच सुचली.

१३ जानेवारी, सोमवार

निफाडच्या मॅडमनी टाइप करूनच दिलं. 'सर्वांगीण विकास' तीन वेळा. उद्या संक्रांत, तीळ भाजायचेत. कंटाळा.

१७ जानेवारी, शुक्रवार

देवळा. आज जे मिळालं त्यासाठी सगळी पुस्तिका करावी!

शाळा गावाबाहेर, कांद्याच्या मजुरांच्या वस्तीला लागून. कागदावर मुख्याध्यापक शेखर सर आहेत. डी.एड. झालेले, शांत, शिकवण्यात चांगले. पण शाळा चालवते लंकाबाई. समूहात सगळेच तिला प्रमुख मानतात, शेखर सरही. म्हणाले, सह्या माझ्या, शाळा बाईंची.

हजेरी ती वर्गात घेत नाही. सकाळी साडेसातला वस्तीतून फिरते, दारादारात उभी राहते, कोण निघालं, कोण नाही बघते. न निघालेल्याला घेऊन येते. मी तिच्याबरोबर फिरले. एका घरात बारकी बहीण सांभाळायला म्हणून पोरगी मागे राहिली होती. लंकाबाईने सरळ बारकीला कडेवर घेतलं आणि ती चालायला लागली. पोरगी मागून आली. बारकी दुपारपर्यंत पहिलीच्या वर्गात झोपली होती.

तिचं म्हणणं एवढंच — शिकवायला सर आहेत, आणायला मी. आणि आणखी एक. या शाळेत निकाल वाचून दाखवत नाहीत. कुणाचाच, पहिल्या आलेल्याचाही नाही. ज्याचा त्याच्या हातात.

दुपारी शेखर सरांचा गणिताचा तास चालू होता. लंकाबाई पोरांच्या मागे, भिंतीला टेकून, वही मांडीवर घेऊन बसलेली. उदाहरणं सोडवत होती. मी नंतर सहज विचारलं, तुमचं शिक्षण किती? आमच्या घरात हा प्रश्न म्हणजे चहा घेणार का विचारण्यासारखा.

तिने वही मिटून सांगितलं. सातवी नापास. गणितात गेली होती. गुरुजींनी सगळ्यांसमोर निकाल वाचला, वडिलांनी दुसऱ्या दिवसापासून कांद्यावर नेलं. इथेही कांदे निवडायलाच आली होती. मजुरांची पोरं गोळा करून गोष्टी सांगायची, त्यातूनच ही शाळा झाली.

मग म्हणाली, "मॅडम, ते शिक्षणाचं नका लिहू बरं." आणि एकदम आपल्या बोलीत गेली — "माले लाज वाटस." वस्तीत कुणाला माहीत नाही. मुलगी निकिता नाशिकला नर्सिंगला आहे, तिला तर लहानपणापासून सांगितलंय की आई दहावी पास आहे, फर्स्ट क्लास. तसं सांगितलं म्हणून पोरगी शिकली, म्हणाली.

मी बरं म्हटलं.

२१ जानेवारी, मंगळवार

लंकाबाईचं पान जमत नाही. फिरते, मुलं आणते, कडेवर घेते — सगळं आहे, पण ते सातवी नापासचं काढलं की गोष्ट कोसळते. तेच तर सगळं आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

लिहिलं. 'सातवी नापास झालेली मुलगी आज एकसष्ट मुलांची शाळा चालवते.' तिच्या नावाखालचीच पहिली ओळ. माझं या वर्षातलं सगळ्यात चांगलं वाक्य.

लाज वाटण्यासारखं यात आहे तरी काय? उलट अभिमान वाटेल तिला. निकितालाही वाटेल. निकितालाच कार्यक्रमाला बोलवावं का?

२७ जानेवारी, सोमवार

उपेंद्र सरांनी मजकूर वाचला. देवळ्याच्या पानावर थांबले. "तिला चालेल ना हे?" मी हो म्हणाले.

पुस्तिका छपाईला गेली.

९ फेब्रुवारी, रविवार

वर्धापनदिन. हॉल भरला होता. माझी ओळ निवेदकाने माइकवर वाचली. टाळ्या थांबेचनात! माणसं उठून उभी राहिली. लंकाबाईला स्टेजवर बोलावलं, शाल दिली. तिने शाल घेतली, मान खाली, आणि वर बघितलंच नाही. निकिता तिसऱ्या रांगेत. मीच बोलावलं होतं, आईला न सांगता, आनंदाचा धक्का म्हणून. ती आईकडे बघत होती. टाळ्या वाजवत नव्हती.

जेवणाच्या वेळी दोघीही नव्हत्या. एक पुढच्या दाराने गेली, दुसरी मागच्या.

घरी नवऱ्याने, आल्हादने, विचारलं, तिने वाचलं होतं का छापण्याआधी? मी म्हटलं, सगळ्यांना वाचायला देत बसले असते तर वेळेत झालंच नसतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

लंकाबाईला दोनदा फोन केला. उचलला नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पुस्तिकेतल्या पानाचा फोटो देवळ्याच्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. कोणीतरी खाली लिहिलंय, नापास बाई आपली शाळा चालवते का. शेखर सरांनी फोन करून सांगितलं. मी म्हटलं, लोक समजून घेतील, ते तिला ओळखतात. ते म्हणाले, ओळखतात म्हणूनच लागलंय त्यांना.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात तक्रारीचा अर्ज गेला. अधिकारी आले, नीट बोलले, कागद बघितले. कागदावर सगळं बरोबर. पण पुस्तिका त्यांच्या हातात होती. त्यांनी विचारलं, शाळा नक्की कोण चालवतं? शेखर सर सह्यांचं रजिस्टरच पुढे करत राहिले.

पालकांची बैठकही झाली. मी होते. नवसाबाई म्हणून एक आई आहे, दोन पोरं शाळेत. याच पोरांना लंकाबाई रोज दारातून घेऊन यायची. ती उठून लंकाबाईकडे बघत म्हणाली, "आम्हाला वाटलं तुम्ही शिकलेल्या हाय. तुम्ही आमच्यासारख्याच, तर मग आमची पोरं काय शिकणार?"

 मी उठून काहीतरी म्हणाले — अनुभव, माया, असं काहीतरी. कुणी ऐकत नव्हतं. मलाही ते निफाडच्या मॅडमच्या टाइप केलेल्या पानांसारखं वाटलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उपेंद्र सर म्हणाले, आता तिला प्रमुख म्हणून ठेवता येणार नाही, मदतनीस म्हणून ठेवू, पगार तोच. शेखर सर विचारायला गेले. ती म्हणाली, पोरांपुढे बाई होते, आता त्यांच्यापुढे झाडू घेऊन फिरू का? तिने यायचं बंद केलं.

उपेंद्र सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. तिला चालणार होतं ना, एवढंच विचारलं. मी खरं सांगितलं.  ते म्हणाले, मीही तिला एक फोन करू शकलो असतो.

त्यांनी दोष अर्धा स्वतःकडे घेतला. तरी माझा काही कमी झाला नाही.

५ मार्च, बुधवार

देवळ्याची हजेरी — चौतीस.

सकाळी वस्तीतून कोणी फिरत नाही. शेखर सरांनी दोन दिवस करून बघितलं. पोरं लपतात, म्हणाले. त्यांना सर बघितले की अभ्यास आठवतो.

८ मार्च, शनिवार

आज एक लक्षात आलं आणि मी ऑफिसात टेबलावरून उठले. तिच्या शाळेत निकाल वाचून दाखवत नाहीत. आणि मी तिचा निकाल माइकवर वाचायला लावला. चारशे माणसांसमोर. पोटच्या पोरीसमोर. त्या गुरुजींच्या वर्गात तर तीस-चाळीसच मुलं असतील.

ते 'बरं' मी म्हटलं होतं. ते तिने धरून ठेवलं असणार.

१५ मार्च, शनिवार

देवळ्याला गेले. घर बंद. शेजारच्या बाईने सांगितलं, सटाण्याच्या रस्त्याला व्यापाऱ्याच्या खळ्यावर आहे. कांदे निवडून गोण्या भरतात तिथे. गेले. वीसेक बाया बसल्या होत्या, लंकाबाई कडेला. मला बघून तिने हात थांबवले नाहीत. मी समोर बसले. काय बोलायचं ते चांदवडपासून पाठ करत आले होते, त्यातलं एकही वाक्य आठवेना. मीही कांदे निवडायला लागले. तिने माझ्या ढिगातले दोन उचलून बाजूला टाकले. सडके होते, मला कळले नव्हते.

शेवटी म्हटलं, "माझं चुकलं. तुम्ही नको म्हणाला होता."

"म्हणले होते," ती म्हणाली.

 मग मी शाळेचं काढलं. सरांशी बोलते, पालकांना परत भेटते, तुम्ही या. तिने मान हलवली. म्हणाली, "शाळेचं जाऊ द्या मॅडम. हे काम मला येतंच. पोरीला काय तोंड दाखवू ते सांगा. वीस वर्षं मी तिला एकच खोटं सांगितलं. ती काही बोलत नाय. फोन करते, जेवलीस का विचारते. त्या खोट्याचं विचारतच नाय. निदान भांडावं तरी."

मी म्हटलं, मी बोलते निकिताशी.

"नका," ती म्हणाली. "तुम्ही आता काही लिहू नका, काही बोलू नका."

निघताना तिने पाणी दिलं.

१६ मार्च, रविवार

उरलेल्या पुस्तिका ऑफिसच्या कपाटात आहेत. भिमाजी सरांच्या पत्नीने आणखी पाच मागवल्यात, नातेवाइकांना द्यायला. त्यांना काय सांगू?

२४ मार्च, सोमवार

हजेरी एकोणतीस. उपेंद्र सरांनी लंकाबाईला स्वतः जाऊन विचारलं. नाही म्हणाली.

६ एप्रिल, रविवार

निकिताचा फोन आला. कार्यक्रमासाठी मी तिचा नंबर घेतला होता, तिच्याकडेही माझा राहिला असेल. मी लगेच माफी मागायला लागले, आईनं खोटं सांगितलं ते तुझ्या भल्यासाठीच, असं काहीबाही. तिने मला थांबवलं.

म्हणाली, "मॅडम, मला चौथीपासून माहीत होतं. मामाने सांगितलं होतं. आईला मी कधी कळू दिलं नाही."

मी म्हटलं, मग आता सांग ना तिला, तिचं ओझं उतरेल. ती म्हणाली, सांगितलं तर तिला कळेल की एवढी वर्षं मीच तिला सांभाळून घेत होते. ते तिला जास्त लागेल.

तिने माझ्याकडून काहीच मागितलं नाही. फोन ठेवताना एवढंच म्हणाली, मी सुट्टीला गेले की आई पूर्वी मला पेपर मोठ्याने वाचून दाखवायची. आता घडी करून ठेवते.