शेपटीवरचा मणी

३ मार्च, मंगळवार

जिंकले! मीटिंगमध्ये पाऊण तास बोलले आणि जिंकले. प्रश्न एवढाच — अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पट्ट्यात तापमान मोजायला काय बसवायचं? तांदळाच्या दाण्याएवढी डिजिटल चिप, की केसासारख्या दोन तारांवरचा, ऊब जाणणारा थर्मिस्टरचा मणी? बाळ गार पडलं की पट्ट्याने सिस्टरांच्या टेबलावरच्या डब्याला बिनतारी हाक मारायची, डबा वाजायचा. हे सगळं बटणाएवढ्या सेलवर, तीन आठवडे. म्हणजे मोजणारं जे काही असेल ते मोजून लगेच झोपणारं हवं.

मी चिपच्या बाजूने. ती कारखान्यातूनच तपासून येते. मणी प्रत्येक वेगळा — एकेक कोमट पाण्यात बुडवा, आकडे लिहा! "बाळाचा जीव कुणाच्या जांभईवर टांगू नका!" म्हटलं. टाळ्या.

टाळ्या न वाजवणारी एकच, टाचणी. आमची सोल्डरिंगवाली; अंगाने बारीक, बोलणं टोचणारं. म्हणाली, "बाई, चिप घ्या नाहीतर मणी घ्या. फक्त हाक मारणाऱ्या रेडिओच्या मांडीवर बसवू नका. तारांची शेपटी काढून लांब ठेवा." चिपच्या शेपटीला चार तारा, म्हणजे तुटायच्या चार जागा! सगळं सर्किटच्या एकाच पाटीवर, सुटसुटीत — तेही पटवून दिलं. माझ्यापुढे कोण टिकतंय.

५ मार्च, गुरुवार

पट्टा तयार. कोमट पाण्याच्या पातेल्यात सोडला. थर्मामीटर ३६.९, पट्टा ३६.९. टाचणीच्या नाकासमोर धरला. "पातेलं दूध ओकत नाही, बाई," एवढंच.

धाकट्या बहिणीला फोन केला. आठवा महिना नुकता लागलाय. तिलाही पट्ट्याचंच सांगत बसले. "ताई, माझ्याशीसुद्धा माईकसमोर उभी असल्यासारखी बोलतेस." मग — "पाय फार सुजलेत गं." डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. रक्तदाब चढतोय.

फोन ठेवल्यावर उगाच सगळी कपाटं आवरली.

९ मार्च, सोमवार

पट्टा वॉर्डात गेला. पहिलं बाळ सोळाशे ग्रॅमचं. दंडावर पट्टा म्हणजे हत्तीचं कडं! सिस्टर तीस वर्षं याच वॉर्डात. जाता-येता प्रत्येक बाळाच्या तळपायाला हाताची पालथी बाजू लावतात, बोलता बोलता. आता ते श्रम वाचतील म्हटलं. हसल्या.

१२ मार्च, गुरुवार

झालं तसंच लिहिते.

दुपारी सिस्टरांचा फोन. "पाय गार लागतोय. तुमचा पट्टा काही बोलत नाही." धावत गेले. पट्ट्याला माझा मोबाईल जोडला — ३६.८! मग मी काय केलं? भाषण! माणसाचा हात फसतो, आपण कामात दमलेल्या असता, यंत्र दमत नाही... सिस्टरांनी ऐकून घेतलं नाही. मी बोलत असतानाच बाळाला उचललं, आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवलं, वर दुलई, काखेत थर्मामीटर. ३५.६.

"थर्मामीटर जुना असेल," मी म्हटलं. खरंच म्हटलं! आपला तो बाब्या.

सिस्टर म्हणाल्या, "बाई, जरा हळू बोला. बाळ झोपतंय."

तासाभराने बाळ ऊब धरून आलं. पट्टा काढून घरी आणलाय. समोर ठेवलाय. त्याच्याकडे बघवत नाही.

१३ मार्च, शुक्रवार

सेल संपत आलाय. तीन आठवडे चालायचा, चार दिवसांत! चूक कुठे झाली, त्याचा धागा तिथे सापडला. नोंदी उघडल्या, सिस्टरांना विचारलं. काल दुपारी कफ ओढायच्या यंत्रासाठी कुणीतरी डब्याचा प्लग काढला. बाळ गार पडू लागताच पट्ट्याने हाक मारली; पण डबा बंद, म्हणून उत्तर नाही. आणि उत्तर मिळेपर्यंत हाका मारत राहायचं — ही आज्ञा मीच लिहिलेली. अभिमानाने! पट्टा न थांबता ओरडत राहिला. ओरडून रेडिओ तापला, शेजारची चिप तापली, आणि ती ऊब बाळाची म्हणून लिहिली गेली.

करून पाहिलं. डबा बंद, पट्टा कापडात गुंडाळून टेबलावर. वीस मिनिटांत सव्वा अंश वर! पातेल्यात ही ऊब पाण्याने ओढून घेतली होती, आणि डबा शेजारीच चालू होता.

ऐकणारं कुणी नसलं की आवाज चढवायचा आणि स्वतःच तापायचं. हे कुणाला शिकवावं लागलं नाही. माझ्याच हातचं ते.

१४ मार्च, शनिवार

टाचणीकडे गेले. "चुकले."

"किती मिनिटांचं आहे?"

"एवढंच."

तिने स्टूल पुढे सरकवलं. बरं वाटलं.

मणीच घ्यायचा. दोनच तारा, शेपटी चार बोटं लांब, मोजायच्या क्षणापुरतीच वीज. तीन हाका मारून पट्टा गप्प. पट्ट्याचं काही ऐकू आलं नाही तर डब्यानेच बोंब मारायची, आणि डब्याला स्वतःचा सेल. मणी पाण्यात बुडवून आकडे मी लिहीत होते. अकराव्या मण्याला जांभई आली. टाचणीने नुसतं बघितलं!

१७ मार्च, मंगळवार

धाकटीला दाखल केलंय. वॉर्डाच्याच इमारतीत, एक मजला वर.

१९ मार्च, गुरुवार

नवे पट्टे वॉर्डात दिले. मुद्दाम प्लग काढला, मुद्दाम लांब गेले. डबा वाजतोय. आकडे बरोबर. सिस्टर म्हणाल्या, "आता शहाणा झाला." पट्टा की मी, ते विचारलं नाही. तरी चैन नाही. जिन्यावरून तीनदा वर-खाली केलं.

२२ मार्च, रविवार

मुलगी झाली. तेराशे चाळीस ग्रॅम. धाकटी शुद्धीवर आहे. सिस्टरांनी पट्टा उचलून विचारलं, "मावशीबाई, तुमचाच आहे. लावू ना?"

मी म्हटलं, "आधी तुमचा हात लावा."