मागचे दार धाकट्या दिरांना

मी, खाली सही करणारी, या घराची मालकीण, लेथ कारागिराची विधवा, मॅट्रिक पास, देवाला साक्षी ठेवून लिहिते की माझी शुद्ध शाबूत आहे आणि शेजारी बसून मला कोणी सांगत नाही. डॉक्टरांनी काल तपासले. "तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय," म्हणाले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे वाचताना माझा मुलगा, सून, धाकटे दीर, सुतार आणि समोरच्या शिक्षिकाबाई हजर असावेत. वाचन स्वयंपाकघरात व्हावे. संपेपर्यंत कोणी उठू नये, विशेषतः मुलाने.

कलम १. राहते घर, जमिनीसह, मुलाला. रस्त्याकडची खोली यातून वगळली आहे. घर मिळण्याला अट आहे, ती कलम ७ मध्ये.

कलम २. बँकेतली ठेव सुनेला. तिने ती मुलाच्या हाती देऊ नये, त्याच्या हाताला भोक आहे. जपाची माळही तिलाच. हिशेबाच्या वह्या रद्दीत घालाव्यात. त्यांत गुपित शोधू नये, साबण आणि भाजीच सापडेल.

कलम ३. भांडी सुनेला. लोखंडी खल आहे, त्याचा बत्ता पोलिसांकडे आहे. परत मिळालाच तर भंगारात द्यावा, घरात आणू नये.

त्या दुपारी मी प्रार्थनेहून परतले. पुढच्या दाराला आतून कडी होती, म्हणून बोळातून मागे गेले. मागच्या दाराची मूठ वर उचलली, खालच्या डाव्या कोपऱ्याला पायाने दाबले, दार उघडले. हे जेवणाच्या टेबलावर पालथे पडले होते. डोक्याची मागची बाजू राहिली नव्हती. घास बोटांत तसाच होता. मारणारा एका घावावर थांबला नव्हता. हे मेल्यावरही तो मारत राहिला असावा, कारण टेबलाच्या फळीत खळगा पडला होता आणि त्यात केस आणि हाडाचा चुरा रुतून बसला होता. गॅस चालूच होता, भांडे करपत होते. आधी मी गॅस बंद केला. मग ओरडले.

इन्स्पेक्टरांनी दार बाहेरून ढकलून पाहिले. घरभर आवाज झाला आणि दार जागचे हलले नाही. ते म्हणाले, "बाई, या दाराला खांदा लावला तर बहिरासुद्धा वळून बघेल. तुमचे यजमान वळलेच नाहीत. ज्यानं मारलं त्याला हे दार उघडता येत होतं."

दार येणारे आम्ही घरचे तिघे. मी प्रार्थनेला, मुलगा शाळेत, आणि हे तर गेलेच. चौथा सुतार, ज्याने ते बसवले.

कलम ४. रस्त्याकडची खोली सुताराला, कायमची. तिथे त्याने दुकान मांडावे. ही भीक नव्हे.

त्याने दार करतानाच सांगितले होते, "लाकूड ओलं आहे, बाई, थोडं थांबा. फुगेल." मीच म्हटले, चालेल. फुगले तेव्हा त्यानेच मूठ उचलायची आणि पाय दाबायची युक्ती दाखवली. त्या युक्तीपायी पोलिसांनी त्याला उलटे टांगले, तळपाय सोलून निघेपर्यंत मारले. तो कबूल झाला नाही. पुराव्याअभावी सुटला आणि सहा महिने भिंतीला धरून चालला.

पुढे मुलगा मोठा झाला. एके दिवशी त्याने सुताराला भर रस्त्यात लोखंडी गजाने मारले. मनगटाचे हाड कातडी फाडून बाहेर आले. सुतार ओरडणाऱ्या आपल्या बायकोला उजव्या हाताने मागे सारत होता आणि मुलगा त्याच हातावर मारत होता. मी मध्ये पडले तेव्हा गज माझ्या खांद्यावर बसला. तेव्हा कुठे तो थांबला.

कलम ५. तो गज माळ्यावर आहे. मुलाने तो उतरवून या वाचनाच्या वेळी सुताराच्या हातात द्यावा. पुढे काय करायचे ते सुताराने ठरवावे. मी त्याला ओळखते, तो त्याचा खिडकीला अडसर करील.

मुला, गज तुझ्या हाती कोणी दिला ते तुला आठवते. मी चहा गाळत होते आणि काका तुला म्हणत होते, "तुझ्या बापाचा मारेकरी चौकात रंधा मारतोय आणि तू बिस्किटं बुडवत बसलायस?"

कलम ६. आता भाऊजींविषयी.

दोघा भावांचे लेथ मशीन भाऊजींनी यांना न विचारता विकले. बोलणे बंद झाले. मागचे दार आम्ही त्यानंतर बसवले. हे वकिलाकडे जायला निघणार, त्याच्या आदल्या दिवशी मारले गेले. भाऊजींनी जबाब दिला, "भांडणानंतर त्या घरात मी पाऊल टाकलेलं नाही." मी ते खरे धरले. नंतर तपासासाठी सगळ्यांत जास्त चपला त्यांनीच झिजवल्या. पोलीस, वकील, अर्ज, सगळीकडे पुढे. मात्र बसायचे पुढच्या खोलीतच. "तिकडे माझा पायच वळत नाही, वहिनी."

दार मी कधी दुरुस्त केले नाही. सून म्हणायची, "आई, बिजागऱ्या बदलायला काय किडनी विकावी लागणार आहे?" मी कंजूष आहे, नाही असे नाही. पण दार मी त्यासाठी ठेवले नव्हते. ज्याला ते येते तो कधीतरी त्याला हात लावील, एवढीच माझी आशा होती.

गेल्या वर्षी कढईतले तेल पेटले. कपड्यांना आग लागली, मी पाय घसरून पडले. मुलगा-सून कामावर. पुढे कडी. शिक्षिकाबाई मागून दारावर खांदा आपटत होत्या, दार हलत नव्हते. तेवढ्यात भाऊजींचा आवाज आला, "व्हा बाजूला." मूठ वर गेली, कोपरा दबला, दार आवाज न करता उघडले. जमिनीवरून मला त्यांचा पायच आधी दिसला. त्यांनी सतरंजी टाकून आग विझवली. माझा जीव त्यांनी वाचवला. त्याबद्दल मी त्यांचे आभार मानते, ते या कलमात नोंदवावे.

एकदा उघडले ते नशिबानेही उघडेल, म्हणून मी घाई केली नाही. चालू लागल्यावर त्यांना बोलावले. शिक्षिकाबाईही होत्या. म्हटले, "भाऊजी, मागच्या अंगणातले कपडे आणता का? पाय ओढतोय." ते मागच्या दाराने गेले. मी दार लावून समोर बसले. बाहेरून मूठ जरा वर झाली आणि थांबली. मग वरच्या बाजूला, जिथे दाबून काही होत नाही तिथे, दोन धक्के बसले. थोड्या वेळाने ते बोळातून वळसा घालून पुढून आले, कपडे हातावर.

"वहिनी, काय दार आहे हो हे. काही केल्या उघडेना."

"अहो, त्या दिवशी तुम्हीच तर उघडलंत," शिक्षिकाबाई म्हणाल्या.

"त्या दिवशी? त्या दिवशी उघडंच होतं."

शिक्षिकाबाईंचा हात आपोआप आपल्या खांद्यावर गेला. तो अजून दुखत होता.

निघताना म्हणाले, "उद्याच माणूस पाठवून नवं दार बसवतो. खर्च माझा." मी म्हटले, "माझ्या माघारी करा."

इन्स्पेक्टर आता निवृत्त आहेत. त्यांना सांगितले. ते म्हणाले, "मला पटलं, बाई. कोर्टाला एवढं पुरणार नाही." शिक्षिकाबाईंनी आणि मी आपापला जबाब लिहून ठाण्यात दिला आहे, पोच कपाटात आहे. मी स्वयंपाकघरात मेलेली सापडले तर आधी पोलीस बोलवावेत, फरशी नंतर पुसावी.

कलम ७. मुलाने काकांच्या अंगाला बोटही लावायचे नाही. आज नाही, पुढे कधी नाही. लावले तर त्या दिवसापासून हे घर सुताराचे. तू एकदा चुकीच्या माणसाला मारलेस. आता बरोबर माणूस समोर बसला आहे म्हणून तुझा हात शिवशिवेल. या खोलीत एकदा मारून झाले आहे. त्यानंतर मी इथेच तुला वाढवले, ते पुन्हा फरशी धुवायला नाही. सुनेचा हात धर आणि बसून राहा.

कलम ८. मागचे दार, मूठ आणि चौकटीसह, धाकट्या दिरांना. ते सुताराने उतरवावे, मजुरी ठेवीतून द्यावी. भाऊजींनी ते आपल्या घराला बसवावे आणि रोज त्यातून ये-जा करावी. उघडायचे कसे, हे त्यांना शिकवावे लागणार नाही.

इथे नवे दार बसवावे. वाळलेल्या लाकडाचे.

हे सर्व वाचून, समजून, चष्मा लावून मी सही केली.

(सही) घरमालकीण

साक्षीदार १ : (सही) समोरच्या शिक्षिकाबाई. कलम ६ मधील दोन्ही प्रसंग मी स्वतः पाहिले आहेत.
साक्षीदार २ : (सही) डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत.

ठिकाण : स्वयंपाकघर, मागचे दार लावून.
दिनांक : ९ मार्च, सोमवार.