सोळा इंची चाकं

५ जानेवारी, रविवार

पुन्हा घासली! रॉबर्टच्या दारात, त्याच जागी, तोच आवाज — कर्रर्र. देवळात फादर प्रवचन देत होते आणि माझ्या कानात तो कर्रर्रच चालू.

गाडी जुनी घेतली म्हणून काय झालं? बोरिवलीच्या एका डॉक्टरने फुलासारखी जपलेली सेडान आहे. फक्त बुटकी. मी, बायको सेलिन, लेक प्रिन्सी आणि आई असे चौघं बसलो की तिचं पोट रस्त्याला टेकायला येतं. आमच्या आळीत ज्याने त्याने आपापल्या दारात ब्रेकर घातलाय. परवानगी कोण मागतो? बाकीचे ब्रेकर कसेबसे पार होतात. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचा, रॉबर्टचा, होत नाही. मी दिवाळीत गाडी घेतली आणि नाताळच्या आत त्याच्या फाटकासमोर हा सिमेंटचा डोंगर उगवला. जळतो!

मग दर रविवारी तमाशा. सेलिन उतरते, प्रिन्सी उतरते, आईला हात धरून उतरवायचं. मी रिकामी गाडी पार करतो आणि पुढे चिंचेखाली थांबतो — काचा वर, नजर समोर. त्या घराकडे मी बघत नाही. दोघी येऊन बसतात. आईला वेळ लागतो. गुडघे!

गेल्या मे महिन्यापासून बोलणं नाही. क्रुसाजवळ लादीनची प्रार्थना झाली, उकडलेले चणे वाटले, आणि रॉबर्ट सगळ्या आळीसमोर म्हणाला, 'चणे कच्चे आहेत.' चणे आईने शिजवले होते. आई तिथल्या तिथे म्हणाली, तुझ्या अंगणात पुन्हा पाय ठेवणार नाही. आई बोलली म्हणजे बोलली. मी तिचा मोठा मुलगा. तिचा अपमान तो माझा अपमान. इतका साधा विषय आहे, पण आळीतल्या लोकांना समजावून सांगावा लागतो.

७ जानेवारी

सेलिन म्हणते, रॉबर्टला सांग ना ब्रेकर कमी करायला, भाऊ आहे तुझा. म्हटलं, त्याच्याशी बोलण्यापेक्षा मी गाडीची उंची वाढवेन! रागात बोललो, पण बोलून झाल्यावर पटलं. मोठी चाकं!

महानगरपालिकेत तक्रार करायचंही मनात होतं. आई म्हणाली, खुशाल कर, मी रॉबर्टच्या बाजूने साक्ष देईन. हिचं काही कळत नाही. चणे हिचे, अपमान हिचा, आणि साक्ष त्याच्या बाजूने.

१० जानेवारी

सातिवलीला केनीच्या दुकानात गेलो. केनी माझाच विद्यार्थी, भूमितीत कायम काठावर. आता टायरचा मोठा व्यापारी आहे. भिंतभर अलॉय व्हील टांगलेली, खाली गुळगुळीत टायरांची चळत, आणि मधोमध हा गॉगल लावून बसलेला. दुकानात. सावलीत.

'सर, तुमची चौदा इंची म्हणजे खेळणं आहे. सोळा लावा. रुबाब बघा!'

विचारलं, गाडी उंच होईल ना? तो म्हणाला, 'सर, माणूसच उंच होईल.' मला ते उत्तर वाटलं.

चाकं निवडायला अर्धा दिवस गेला. एक जाळीचं, एक सुदर्शनचक्रासारखं, एक असं की बघूनच चक्कर यावी. शेवटी काळ्या-चंदेरी पाकळ्यांचं घेतलं. केनीने चहा पाजला, माझा चाकासोबत फोटो काढला आणि दुकानाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं — 'आमचे सर, आता नव्या रूपात.' आमच्या पॅरिशमधला प्रत्येक माणूस त्या ग्रुपवर आहे, हे मला घरी आल्यावर कळलं.

११ जानेवारी

चाकं बसली. काय दिसतेय! शेजारी बघून गेले. जुनी चाकं पडवीत ठेवली, तर एका टायरात लगेच कोंबडी जाऊन बसली. उठवली तर चोच मारते.

१२ जानेवारी, रविवार

घासली.

त्याच जागी! तितकीच! मी गाडीखाली वाकून बघितलं. रविवारच्या शर्टाला ग्रीस. सेलिनने घरी येऊन शिवणाची टेप काढली, पडवीतल्या कोंबडीला हाकलून जुनं चाक मोजलं, मग नवं मोजलं. 'रिम वाढली, टायर पातळ झाला. बेरीज तीच.' मी आयुष्यभर मुलांना वर्तुळ शिकवलं. प्रिन्सी तोंड फिरवून हसत होती. मला दिसत होतं.

आई मात्र खूश. चाकं छान आहेत म्हणाली. गाडीत येऊन बसली तेव्हा काहीतरी चघळत होती, वास सुकेळ्यांचा. कुठून आणलीस विचारलं. म्हणाली, रस्त्यात मिळाली. आता वसईत सुकेळी रस्त्यात मिळायला लागली!

१३ जानेवारी

केनीला जाब विचारला. 'सर, तुम्ही चाक मोठं मागितलंत. मोठंच दिलं.'

खरं आहे. त्याला म्हटलं, आता त्याच रिमवर जाडजूड टायर चढव. म्हणाला, आतल्या बाजूला थोडं घासेल, सवय होते. कोणाला सवय होते — टायरला की मला — ते त्याने सांगितलं नाही.

१८ जानेवारी

जाड टायर बसले. गाडी चांगली बोटभर वर आली. आईला कौतुकाने दाखवायला गेलो तर तिने एक फेरी मारून बघितलं आणि तोंड पाडलं. म्हणे, एवढ्या उंच गाडीत मला गरगरेल. बोटभर! गेल्या पावसाळ्यापर्यंत शिडीवर चढून आंबाडे काढणारी बाई! जुनीच चाकं बरी होती, म्हणाली. चालायचं. म्हाताऱ्या माणसांना नवीन काही पटत नाही.

१९ जानेवारी, रविवार

पार!!! चौघं आत, कोणी उतरलं नाही, आणि गाडी रॉबर्टच्या ब्रेकरवरून तुपासारखी गेली. मी हॉर्न वाजवला. मुद्दाम. दोनदा.

त्या घराकडे मी बघत नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलंच. रॉबर्ट फाटकात उभा. हातात झाकलेली वाटी. सकाळी सकाळी वाटी घेऊन रस्त्यावर काय उभा राहतो हा माणूस!

पुढे गेल्यावर आई म्हणाली, थांबव, मळमळतंय. घाबरून लगेच बेकरीपाशी थांबवली. तिने बाहेर बघितलं आणि म्हणाली, 'इथे नको.' मळमळायला जागा निवडावी लागते का? देवळात मिस्सेत एकही गाणं गायली नाही. आमची आई गायली नाही, तर मागच्या चार बाकांना सूर सापडत नाही. आजही सापडला नाही.

२२ जानेवारी

नवी अडचण. स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं की टायर आत घासतो. डावीकडे काही नाही. म्हणून आता सगळं डावीकडूनच. प्रिन्सीला कॉलेजला सोडायला निघालो. उजवं वळण टाळता टाळता डावीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा डावीकडे. माणिकपूरचं चर्च दोनदा दिसलं. दुसऱ्यांदा स्टँडवरच्या रिक्षावाल्यांनी हात केला. प्रिन्सी म्हणाली, पप्पा, मला इथेच उतरवा, मी रिक्षाने जाते. गेली, आणि माझ्या आधी पोचली. मी घरी पोचल्याचा फोन केला तेव्हा तिचा पहिला तास संपला होता.

तरी ब्रेकर पार होतो. मुद्दा तो आहे.

२६ जानेवारी, रविवार

हरामखोर! — खोडणार नाही. लिहिलं ते लिहिलं.

रॉबर्टने ब्रेकर वाढवला! नवं कोरं सिमेंट, वर पाणी मारलेलं, कडेला विटा. मला दिसला तोवर पुढची चाकं पलीकडे गेली होती. मागची अलीकडे. गाडी मधोमध पोटावर बसली. मी पुढे झुकलो की नाक खाली, सेलिन मागे रेलली की शेपूट खाली. त्यात आज झेंडावंदन! सगळी आळी इस्त्रीच्या कपड्यांत क्रुसापाशी जमलेली, ती लाडू घेऊन आमच्याकडे आली. एकाने लाडू खिडकीतून आत दिला. मी खाल्ला. काय करणार?

शेवटी सगळ्यांना उतरावं लागलं. आई सगळ्यात आधी! मळमळ नाही, गुडघे नाहीत, कोणाचा हात नको. लोकांनी गाडी उचलून पुढे ठेवली. मी रागाने चिंचेखाली जाऊन हॉर्न दाबत बसलो. आई येता येईना. आली ती हसत आली. मुलाची गाडी ब्रेकरवर झुलते आणि ही हसते!

मिस्सेत खड्या आवाजात गायली.

२९ जानेवारी

केनीकडे गेलो. उजव्या वळणांशिवाय सातिवली फार लांब आहे. तो म्हणतो आता सतरा इंची लावू, स्प्रिंगखाली गुटके देऊ आणि चाकावरचा पत्रा थोडा कापू. सेलिन म्हणाली, त्यापेक्षा ट्रॅक्टर घे, वाडीत तरी चालेल. मी म्हटलं, रॉबर्ट सिमेंट ओतत राहील तर मी चाकं वाढवत राहीन. बघू कोण थकतो.

'तुला खरंच कळत नाही का रे?' असं म्हणून ती भांडी घासायला गेली. काय कळत नाही? सगळं कळतं. म्हणून तर सतरा.

३१ जानेवारी

आईला सतराचं सांगितलं. जेवली नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आई गाडीत बसली नाही. म्हणाली, ही चाकं आहेत तोवर बसणार नाही, आणि आणखी मोठी आणलीस तर घरात कोणाशी बोलणारही नाही. चालत जाते म्हणाली, तर डॉक्टरांनी देवळापर्यंत चालायला सक्त मना केलंय. रिक्षा बोलावतो म्हटलं. नको म्हणाली. प्रिन्सीने तिला मोबाइलवर मिस्सा लावून दिली आणि आम्ही तिघं निघालो.

तिघांत गाडी हलकी झाली. थोडी घासली, पण गेली. जिंकलो म्हणायचं, तर हॉर्नही वाजवला नाही. देवळात आईची जागा रिकामी होती. चार जणांनी विचारलं, बरं नाही का? मी काय सांगणार — चाकांमुळे? आमच्या लग्नात, बाबांच्या मयताला, तापात, पावसात, कधी तिने रविवार चुकवला नाही. आज चुकला, आणि माझ्या गाडीमुळे चुकला. फार वाईट वाटलं.

तरी चूक रॉबर्टची आहे. ब्रेकर त्याचा आहे.

५ फेब्रुवारी

ठरलं. चाकं राहू देत. ब्रेकरच फोडायचा. ब्रेकर गेला की कुठलीही चाकं चालतील, जुनी लावेन, आई गाडीत बसेल, तिची मिस्सा चुकणार नाही. हे आधी कसं सुचलं नाही!

८ फेब्रुवारी, शनिवार

भर दुपारी वाडीतली पहार घेऊन गेलो. चोरून नाही, उघड! रॉबर्टच्या फाटकात कोणी नव्हतं. दोन घाव घातले, टवका उडाला. तिसऱ्याला पहार उचलली आणि मागून काठीचा आवाज आला. आई! उन्हात, अनवाणी, घरापासून एकटी चालत. मला वाटलं, पडते आता. ती सरळ आली आणि ब्रेकरच्या माथ्यावर उभी राहिली. मधोमध. काठी टेकून.

'आता फोड,' म्हणाली.

आवाज ऐकून रॉबर्ट धावत बाहेर आला. त्याने मला बघितलं, आईला बघितलं, आत गेला आणि खुर्ची घेऊन आला. फाटकाबाहेर, रस्त्यावर, ब्रेकरच्या शेजारी ठेवली. आई खाली उतरली आणि खुर्चीत बसली, जशी काही तिची रोजची जागा. मी पहार घेऊन उभा. मागे दुधाच्या टेम्पोने हॉर्न वाजवला तेव्हा बाजूला झालो आणि घरी आलो.

माझी आई माझ्या विरुद्ध ब्रेकरवर उभी राहते! उद्या सकाळी विचारणार.

९ फेब्रुवारी, रविवार

विचारलं. आई म्हणाली, 'ब्रेकर मीच घालायला लावला त्याला. नंतर वाढवायलाही मीच सांगितलं, फोनवर. अंगणात पाय ठेवणार नाही म्हटलं होतं, रस्त्यावर त्याला भेटणार नाही म्हटलं नव्हतं. आणि तुला गाडी थांबव म्हणायला लाज वाटायची रे.'

जुनी चाकं स्वतः चढवली. संध्याकाळच्या मिस्सेला निघालो. रॉबर्टच्या दारात गाडी घासली. सेलिन उतरली, प्रिन्सी उतरली, आईला हात धरून उतरवलं.

मग इंजिन बंद केलं आणि मीही उतरलो.