तारा कधी चढवल्या?

शनिवार, १ फेब्रुवारी १९५८

स्टुडिओचं पत्र आलं, वाजवून दाखवायच्या परीक्षेचं! सोमवार, २४ तारीख, सकाळी अकरा, अंधेरी. त्यांच्या वाद्यवृंदात गिटारची एकच जागा आहे, पण कायमची. मिळाली तर टाइपरायटरला रामराम. नाही मिळाली तर जन्मभर 'आपले पत्र पोचले' बडवत बसायचं.

आई म्हणाली, "सिनेमाच्या स्टुडिओत? मुलीच्या जातीनं?" अण्णा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "ती तिथं गिटार वाजवणार आहे. नाचणार नाही." अण्णांसारखा बाप अख्ख्या घाटकोपरात नसेल! दोन वर्षांपूर्वी कुर्ल्याचा एक अँग्लो-इंडियन गार्ड विलायतेला निघाला, त्याची गिटार अण्णांनीच हेरून माझ्यासाठी घेतली. मिस्किटा सरांकडे शिकायलाही त्यांनीच घातलं. शेजारपाजारचे हसले, तरी अण्णा बधले नाहीत.

संध्याकाळी कुर्ल्याला जाऊन सरांना पत्र दाखवलं. त्यांनी वाचायच्या आधी माझ्या गिटारवरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "ह्या तारांवर माइकपुढं बसू नको गो बाय. मेल्यात त्या."

बुधवार, ५ फेब्रुवारी

ऑफिसात लक्ष नाही. डोक्यात फक्त तारा. कुठल्या घेऊ?

पोलादाच्या साध्या, मुंबईतच बनतात त्या — खणखणीत, पण आवाज पत्र्यासारखा. आतड्याच्या — गोड, पण दमट हवेत फुगतात आणि भरलेल्या हॉलमध्ये ऐकू येत नाहीत. तिसऱ्या पोलादाच्याच, पण जाड तारांवर काशाची बारीक तार गुंडाळलेली. सरांच्या स्वतःच्या गिटारवर त्या आहेत. खालचा सूर छातीत वाजतो. पण त्या परदेशी, आणि परदेशी माल हल्ली यायचाच बंद झालाय.

माझ्या गिटारची तार आजवर मी कधी बदललेलीच नाही! तुटली की सर बदलतात आणि गिटार दोन-तीन दिवस ठेवून घेतात. मी चिडचिड करायचे. एक तार लावायला तीन दिवस लागतात का? त्यांचा सगळा कारभारच संथ.

शनिवार, ८ फेब्रुवारी

अर्ध्या दिवसानंतर अण्णांबरोबर धोबीतलावची दुकानं पालथी घातली. काशाच्या कुठंच नाहीत. एकानं दाखवल्या, तर त्यांना हिरवट डाग. आतड्याच्या मात्र मिळाल्या. नमुन्याला एक घेऊन आले.

आईनं विचारलं, कशाची आहे? मी मूर्खासारखं खरं सांगितलं. "बकऱ्याचं आतडं! आणि गिटार टेकवतेस देवघराच्या भिंतीला?" अण्णा म्हणाले, "मग तुझ्या भजनी मंडळाच्या तबल्याला काय केळीचं पान ताणलेलं असतं?" आई तिथून उठून गेली. आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज निकाल लागला, तारांचा. सरांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. तीन गिटारी, तीन तऱ्हेच्या तारा, तोच एक सूर. "डोळं मीट. नाव नको सांगू, नुसतं सांग, कुठली तुला आणखी ऐकावीशी वाटते." तिन्ही वेळा मी काशाचीच सांगितली. सर खूश. "कान झकास हाय तुझा. बोट कवा पण तयार होतं, कानाचं तसं नाय." त्यांचा चुलतभाऊ बोटीवर आहे, तो याच आठवड्यात येतोय. त्याच्याकडून सहा तारांचा संच मिळवून देतो म्हणाले.

फिलू पण तिथंच बसली होती. फिलोमिना, सरांची भाची. तिलाही स्टुडिओचं पत्र आलंय. एक जागा, एकाच मास्तरच्या दोन शिष्या! पण ती बारीक तारा लावणार आहे, बोटं लहान म्हणून. वाजवते छान, फक्त जरा घाबरट आहे. मला वाईटही वाटलं तिच्यासाठी. जागा मलाच मिळणार, असं मनात धरून चालले होते ना मी!

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तारा आल्या!! मी ऑफिसात असताना सर स्वतः घरी आणून देऊन गेले. सहा कागदी पाकिटं, आत तेलाच्या कागदात गुंडाळलेल्या सोनेरी तारा. वास घेत बसले.

आजच चढवणार होते, पण अण्णांनी हात धरला. सरांचा निरोप आहे — परीक्षेच्या दिवशी सकाळीच चढव, आधी नको. आपल्याकडची हवा खारट, चार दिवसांत तारेचं पाणी उतरतं. नव्या तारेचा पहिला दिवसच खरा. तोवर जुन्यांवर हात चालू ठेव.

बरोबरच आहे. नवी साडी काय आपण आदल्या दिवशी नेसून फिरतो? सर बहिणीच्या आजारपणासाठी वसईला जाणार आहेत, ते परीक्षा होऊन गेल्यावरच परतणार. म्हणून तर मुद्दाम येऊन गेले. देवमाणूस.

पाकिटं कपाटात, शालूच्या घडीत ठेवली.

रविवार, २३ फेब्रुवारी

उद्या. जेवण गेलं नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

लिहू की नको? लिहिते.

पहाटे उठून तारा चढवल्या. सूर लावला. चहा घेऊन आले तोवर उतरलेला. परत लावला, परत उतरला. मला वाटलं, मीच खुंटी नीट पिळत नाहीये. अण्णांनी रजा टाकली होती. टॅक्सीत मी खुंट्या पिळतेय आणि अण्णा म्हणतायत, "लागेल, लागेल, घाबरू नकोस."

स्टुडिओत पाच जणं होती, चार पुरुष आणि मी. फिलूची पाळी आधी होऊन गेली होती. मी बसले. पहिल्या चार ओळी अशा वाजल्या, की समोरचा बुटका संगीतवाला पुढं सरकून बसला. खरंच सरकला! आणि पाचव्या ओळीला तिसरी तार खाली गेली. मी ओळखलं, बोट दाबून सावरलं. मग दुसरी गेली. त्यानं हात वर केला. "सूर लावून घ्या." लावला. परत तेच. तिसऱ्यांदा तर गिटार अशी वाजली, की कोपऱ्यातला बासरीवाला हसला. "थँक यू. नेक्स्ट."

बाहेर एक म्हातारे व्हायोलिनवाले विडी ओढत होते. त्यांनीच हाक मारली. "पोरी, हात चांगलाय तुझा. तारा कधी चढवल्या?"

"आज सकाळी."

त्यांनी विडी टाकली. "आज सकाळी? अगं, नवी तार चार-सहा दिवस ताणावी लागते, वाजवावी लागते, तेव्हा कुठं ती जाग्यावर बसते. हे पोरंसोरं पण जाणतात. तुला कुणी सांगितलं सकाळी चढवायला? कोण गं एवढा वैरी तुझा?"

अण्णा जवळच उभे होते. त्यांनी गिटार माझ्या हातातून घेतली आणि टॅक्सी बघायला गेले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

फिलूला घेतलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

तीन दिवस! तार बदलली की सर गिटार तीन दिवस ठेवून घ्यायचे, ते संथपणा म्हणून नव्हे. तार बसावी म्हणून! म्हणजे त्यांना माहीत होतं. प्रत्येक वेळी माहीत होतं. आणि मला मात्र 'त्याच दिवशी सकाळी'.

भाचीसाठी. दुसरं काय? माझा कान त्यांनी स्वतः तपासला. कळलं, की ही राहिली तर फिलू निवडली जात नाही. मग घरी येऊन, बापाच्या हातात गोड निरोप ठेवून, वसईला! मला रडू येत नाहीये, संताप येतोय. दोन वर्षं मी त्या माणसाच्या पाया पडायचे दर गुरुपौर्णिमेला. ख्रिश्चन माणूस, तो लाजायचा, तरी पडायचे.

अण्णांना म्हटलं, माझा गळा कापला त्यांनी. अण्णा म्हणाले, "जाऊ दे. माणूस चुकतो." अण्णांना कुणाचं वाईट बोलवतच नाही.

शनिवार, १ मार्च

गेले. तोंडावर बोलले.

सर ओटीवर कुणाचं तरी फुटलेलं मेंडोलिन चिकटवत बसले होते. "ये गो बाय. बस. काय बिघडलं तिथं? मी किती वाट बघितली तुझी."

मी उभ्यानंच म्हटलं, "तारा त्याच दिवशी सकाळी चढव, असा निरोप तुम्ही अण्णांकडे ठेवलात. फिलूसाठी ठेवलात. मला सरळ सांगितलं असतंत ना, मी परीक्षेला गेलेच नसते."

सरांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. मग म्हणाले, "असा निरोप तुझ्या अण्णांनी दिला तुला?"

"अण्णा कशाला खोटं सांगतील?"

"ना, ना. ते कशाला सांगतील." मग मेंडोलिनकडे बघत, "मीच काय तरी बोललो असंन. म्हातारा झालो आता."

झालं! एवढंच. ना लाज, ना माफी. आतून फिलू दारात आली, तर तिला हातानं आत जायला सांगितलं. मी म्हटलं, "परत तुमची पायरी चढणार नाही." आणि चढणार नाहीच.

गुरुवार, ६ मार्च

शुभाला सगळं सांगितलं. शेजारच्या इमारतीतली, माझ्यामुळेच ती सरांकडे जायला लागली. तिच्या आईनं तिचा क्लास बंद केला, आणि धाकट्या बहिणीचाही. बरं झालं. लोकांना कळू दे.

अण्णा फार जपतायत मला. चिकू आणले, मोगरा आणला, दुसरा मास्तर शोधतो म्हणाले. काल तर ऑफिसच्या दारात घ्यायला आले होते. एवढं मोठं दुःख झालंय, तरी या एका माणसामुळे उभी आहे मी.

रविवार, ९ मार्च

गिटार पंधरा दिवसांनी खोळीतून काढली. तारा उपटून फेकून देणार होते. एकदाच सूर लावला, आणि वाजवत बसले. तासभर. एक तार हलली नाही! काय आवाज आहे! खालचा सूर वाजला, तशी स्वयंपाकघरातून आईसुद्धा बाहेर आली. अण्णा मात्र चपला घालून बाहेर गेले.

निवड चुकली नव्हती माझी. तारा उत्तमच होत्या. आता मी पोटभर रडले.

मंगळवार, ११ मार्च

फिलू ऑफिसच्या दारात उभी होती. म्हणाली, "अंकलनी सांगू नको म्हटलंय, पण मला राहवत नाही." तारा द्यायला सर आले, तेव्हा तीही बरोबर होती, आमच्या जिन्यावर. सर अण्णांना तीनदा बजावत होते — आजच चढवायला सांगा, रोज ताणायला सांगा. अण्णांनी ते खिशातल्या कागदावर लिहून घेतलं.

लिहून घेतलं!

घरी येऊन सरळ विचारलं. अण्णांनी नाकारलं नाही. चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "तू निवडली गेली असतीस, तर सिनेमाच्या नोकरीला मला नको म्हणावं लागलं असतं गं. तुला नको म्हणणारा बाप मला व्हायचं नव्हतं."