सत्काराच्या शालीचं फडकं

अण्णा, तुमच्या सत्काराच्या शालीचं मी फडकं केलं. खरेदी-विक्री संघाच्या सभेत तुमच्या खांद्यावर घातलेली, तुम्ही डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत जपलेली, तीच शाल. बीडच्या माझ्या गॅलरीतल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडलाय, फांद्यांच्या बेचक्यांत कापूस चिकटावा तसा. साबणाच्या पाण्यात शालीचा तुकडा बुडवते आणि एकेक फांदी पुसून काढते. जरीच्या काठाने तर फारच छान निघतो. बघायला तुम्ही हवे होतात.

धारूरच्या आपल्या ओसरीतली जास्वंद आठवते का? आईने गेवराईच्या माहेराहून फांदी आणून तेलाच्या डब्यात लावलेली. त्या दुष्काळात टँकर आठ दिवसांनी यायचा, तरी भांडी विसळलेलं पाणी ती डब्याला घालायची. हीच कीड पडली तेव्हा रोज सकाळी ओल्या चिंधीने पानं पुसायची आणि म्हणायची, "निघंल हळूहळू." तुम्हाला कुठला एवढा धीर? तुम्ही संघाचे सेक्रेटरी. कपाशीवर कोणतं औषध किती मारायचं, हे सगळं गाव तुम्हाला विचारायचं, आणि तुमच्याच ओसरीत कीड! गोदामातून बाटली आणलीत. माप होतं फवारणीच्या पंपभर पाण्याला एक झाकण. मी दहा वर्षांची, पाण्याचा तांब्या धरून समोर उभी आहे. "पंपभर पानी कुठून आनू? एवढ्यातच भागवू," म्हणता आणि अख्खं झाकण त्या एका तांब्यात ओतता. मग कडुलिंबाच्या डहाळीने झाडभर शिंपडता. आई तेव्हा टँकरच्या रांगेत होती.

तिसऱ्या दिवशी झाड करपलं. कीड मेली, हे खरं. ओसरीत संघाची माणसं चहाला बसली होती. त्यांतल्या एकाने विचारलं, "सेक्रेटरीसाहेब, जास्वंद काहून जळली हो?" तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "ह्या पोरीनं न इचारता औषद वतलं. लई शहाणी हाय." सगळे हसले. मी आईकडे पाहिलं. ती कपबश्या उचलून आत गेली. त्यानंतर आठ दिवस तिने माझी वेणी घातली नाही. मोकळ्या, गुंतलेल्या केसांनी शाळेत गेले, बाईंचा मार खाल्ला. त्या आठ दिवसांसाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही. लोक अजून भेटले की तुमच्या सचोटीचं कौतुक सांगतात. मी हसून मान हलवते आणि घरी येऊन शालीचा आणखी एक तुकडा फाडते. काल तर तुमच्या नावाची चिठ्ठी शिवलेला कोपरा घेतला होता. खाली मुंग्यांची रांग लागली होती, त्याही त्यानेच चिरडल्या. फार बरं वाटलं.

पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. आई शेवटी दवाखान्यात होती तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं, एका दमात. वाटलं, ती निदान हात धरेल. ती छताकडे बघत म्हणाली, "मला तवाच कळलं व्हतं. त्यांच्या हाताला वास येत व्हता." मी विचारलं, मग वेणी का नाही घातलीस? "लोकान्ला खरं वाटाया पायजे व्हतं, माय. सेक्रेटरीच मापात चुकला म्हनल्यावर त्यांचं कोनी ऐकलं असतं?"

तुमच्यावर रागावणं सोपं आहे, अण्णा, म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. शाल आता संपत आली. ट्रंकेत तिच्याखालीच आईचं लुगडं आहे, जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. पानं पुसायला त्याच्याइतकं चांगलं कापड मिळणार नाही. दोनदा बाहेर काढलं, आणि दोन्ही वेळा घडी घालून परत ठेवलं.