बावीस पोरं आणि तेविसावी मी

३ जून, सोमवार

मला पोहता येत नाही!

घ्या. लिहिलं एकदाचं. एकेचाळीस वर्षांत हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं नाही, आज कागदावर तरी पडलं.

झालं असं – आज वाडीची सभा होती. आमचे वाडीप्रमुख दोमभाऊ, माइक हातात आला की सोडत नाहीत. म्हणाले, यंदा पाणी चढायच्या आत वाडीतल्या प्रत्येक पोराला पोहता आलंच पाहिजे. सहा ते दहा वयाची बावीस पोरं. शाळेतले खोई सर शिकवणार. "आणि पाण्यात पोरांना सांभाळायला महिला मंडळाच्या येनताई! अख्ख्या दक्षिण व्हिएतनामात पाण्यावर एवढा वावर दुसऱ्या कुणा बाईचा नसेल!"

टाळ्या. मीही वाजवल्या. स्वतःसाठीच! दुसरं काय करणार होते?

वावर आहेच म्हणा. बावीस वर्षं होडीतून भाजी विकतेय. पहाटे घाऊक बाजारात माल भरायचा आणि मग कालव्याकाठच्या घराघरापुढे होडी लावायची – भोपळे, कारली, गवती चहा, हंगामात भाजीची पिवळी फुलं. उभ्यानं वल्हवते. लाटेत होडी हलली तरी हातातला पेला सांडत नाही. पण पाण्यावर असणं वेगळं आणि पाण्यात असणं वेगळं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. होडीवालीला पोहता येतं का, असं कोण विचारतं? बदकाला विचारतात का?

पाच वर्षांची असताना पायरीवरून घसरले होते. तेव्हापासून पाणी चढलं की आई माझ्या कमरेला दोरी बांधायची आणि दुसरं टोक घराच्या खांबाला. लहान पोरांना सगळेच बांधतात. पण माझी दोरी मी नऊ वर्षांची होईपर्यंत सुटली नाही. तोवर बरोबरीची पोरं कालवा पार करायला लागली होती. मग लाज. लाजेवर लाज चढत गेली, ती आजपर्यंत.

४ जून

वेनला सांगू का? लग्नाला एकोणीस वर्षं झाली. मागणी घालायला पठ्ठ्या पोहत आला होता आमच्या घाटाला! "ये ना पाण्यात," म्हणाला होता. मी काठावर हसत उभी. त्याला वाटलं, लाजतेय.

आता कुठल्या तोंडानं सांगू?

६ जून

पोरांना शिकवायला कालव्यात कुंपण घातलं आज. अख्खी वाडी लोटली! कुणी खांब आणले, कुणी मासेमारीचं जुनं जाळं. पुरुष छातीभर पाण्यात उतरून खांब ठोकत होते, आम्ही बायका काठावर मोठ्या पातेल्यात आंबट मासळीचा रस्सा करत होतो. दोमभाऊ काठावरून सूचना देत होते – "डावीकडे! अरे, माझ्या डावीकडे!" – देता देता पाय घसरला आणि थेट चिखलात बसले. पोरं इतकी हसली की एकाला उचकी लागली. दोमभाऊ उठले, चिखल निपटला आणि म्हणाले, "बघितलंत? म्हणूनच शिकायचं असतं!" माणूस हार मानत नाही.

हसत होतेच मी, पण नजर सारखी पाण्याकडे जायची. गेल्या वर्षी पलीकडच्या वाडीतलं पोर गेलं. घरच्याच पायरीवरून. आई आत भात वाढत होती. दोमभाऊंचा हट्ट त्याच्यामुळे आहे आणि बरोबर आहे. म्हणूनच नाही म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

१० जून

वर्ग सुरू! अर्ध्या पोरांच्या बेंब्या लालभडक. चतुर किडा पकडून बेंबीला चावून घेतला की चार दिवसांत पोहता येतं ना – घरोघरी आज्यांनी तो कार्यक्रम कालच उरकलाय. खोई सर शहरात शिकलेले, त्यांनी कपाळाला हात लावला. मग हळूच म्हणाले, "माझ्या आजीनंही केलं होतं."

मी कमरेपर्यंत पाण्यात. पाय तळाला टेकलेले, तरी एका हातानं खांब धरून ठेवला होता. सात वर्षांची बोंग माझ्या मनगटाला लटकून म्हणते, "मावशी, तुमचे हात किती गार पडलेत! घाबरू नका हं, मी आहे."

हसावं की रडावं!

१३ जून

आज जीव गेला होता माझा.

जाळ्याचा खालचा एक कोपरा सुटला होता. बोंग त्याच्याखालून घसरून पलीकडे गेली, खोल पाण्यात. माझ्यापासून चार हातांवर. चार! मी उडी मारायला हवी होती. नाही मारली. पाय जागचे हललेच नाहीत. नुसती किंचाळले. खोई सरांनी सूर मारला आणि तिला केसाला धरून वर काढलं. पोरगी दोनदा खोकली आणि म्हणाली, "परत जाऊ?"

आणि लोक! "येन ओरडली म्हणून वाचली!" संध्याकाळी दोमभाऊंनी कर्ण्यावरून जाहीर केलं – "येनताईंच्या सतर्कतेबद्दल..." सगळ्या कालव्यानं ऐकलं. बोंगची आई बदकाची अंडी देऊन गेली. घशाखाली उतरेनात.

रात्रीची भांडी विसळताना सासूबाई शेजारी येऊन बसल्या. वय एकाहत्तर, जीभ विशीतली. म्हणाल्या, "तुला पोहता येत नाही."

विचारलं नाही, सांगितलंच.

"सगळे पोरीकडं बघत होते. मी तुझ्या पायांकडं बघत होते."

मी रडायलाच लागले. त्यांनी माझ्या हातातली थाळी काढून घेतली. "रडून पाणी वाढवू नकोस, आधीच पुष्कळ आहे. उद्या साडेपाचला, बाजाराला निघायच्या आधी, मागच्या घाटावर. वेनला कळता कामा नये, हसून हसून मरेल मेला."

१४ जून

हे कुणी वाचलं तर मी गाव सोडेन.

सासूबाईंनी पहाटे चतुर पकडून आणला होता. "आई, मी एकेचाळीस वर्षांची आहे!" "मग बेंबी गेली कुठं तुझी? वर कर ब्लाउज." चावला. चांगलाच चावला! मी ओरडले, कोंबड्या आरवल्या, शेजारचा कुत्रा उठला.

आता चार दिवसांत येईल म्हणे.

१८ जून

चार दिवस झाले. आलं नाही.

१९ जून

सासूबाई काठावर स्टुलावर बसतात, हातात बांबू. पाण्यात उतरत नाहीत – गुडघे. पण हुकूम असे सोडतात की एखाद्या सुभेदारानं ऐकून घ्यावेत. "हनुवटी वर! ढुंगण खाली कशाला जातंय? पाण्याला मिठी मारू नकोस, ते काय तुझा नवरा आहे? ढकल त्याला!" मी केळीच्या खोडाला धरून पाय झाडते. "अगं, म्हशीला शिकवलं असतं तर एव्हाना पार काओ लान्ह शहराला पोचली असती!"

"मग म्हशीलाच शिकवा."

"तिला येतं."

२४ जून

नाकात पाणी, कानात पाणी, आज होडीवर गिऱ्हाईक म्हणालं तीन भोपळे, मी ऐकलं बीन्स.

३० जून

तरंगले!!

केळीचं खोड कधी निसटलं कळलंच नाही. पाठीवर होते, वर आभाळ, पूर्वेला तांबडं. कानात पाणी असल्यामुळे सगळं शांत – सासूबाईसुद्धा! इतका आनंद मला आमचा मुलगा, आता शहरात शिकतो तो, झाला तेव्हा झाला होता, त्यानंतर आजच. मग भानावर आले, खोड नाही हे लक्षात आलं आणि बुडाले. पण ते नंतर. आधी तरंगले होते!

सासूबाई म्हणाल्या, "बरं होतं." त्यांच्या तोंडून हे म्हणजे पदकच.

७ जुलै

वेनला कळलं. रोज पहाटे बायकोचे केस ओले, विचारलं तर आईही गप्प, बायकोही गप्प. आज मागोमाग आला आणि केळीच्या झाडाआडून बघत राहिला. मी पाय झाडतेय, आई बांबू आपटतेय. इतका हसला, इतका हसला की चिखलात बसला. आईच्या शिव्या, लेकाच्या शिट्ट्या – गोंधळ नुसता.

दुपारी मात्र होडीशी आला. होडीचा काठ उगाच पुसत राहिला. म्हणाला, "एकोणीस पावसाळे तुला एकटीला पाठवलं मी. भर पाण्यात."

"मी सांगितलं नाही."

"मी विचारलं नाही."

संध्याकाळी पाण्यात तरंगवणारं केशरी जाकीट घेऊन आला. घातलं तर मी भोपळ्यांत उठून दिसेना. पण घालते. त्याला बरं वाटतं.

२१ जुलै

खांबापासून खांबापर्यंत, जाकिटाशिवाय. दोनदा!

बोंग म्हणाली, "मावशी, तुम्ही आता जरा बऱ्या पोहता." तिला आधीपासून माहीत होतं! "हात गार होते ना." आणि कुणालाही बोलली नव्हती. सात वर्षांची पोर! मी तिला खोबऱ्याची वडी दिली, तिनं दोन घेतल्या.

९ ऑगस्ट

परीक्षा! काठावर जत्रा भरली होती. उसाचा रस, भाजलेली केळी, बोंगचे आजोबा तर ढोल घेऊन आले होते. एकेक पोर पंचवीस मीटर पोहून गेलं की ढोल. बावीसच्या बावीस! शेवटचा लठ्ठ पोरगा मधेच थांबला, आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला, त्यानं शांतपणे नाक शिंकरलं आणि पुढे निघाला. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. त्या पोरांच्या आया रडत होत्या, मीही.

मग दोमभाऊ माइकवर – "आता येनताई मुलांना आदर्श म्हणून कालवा पार करून दाखवतील!"

ठरलं नव्हतं हे. खोई सरही चमकले. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी हनुवटी वर केली.

गेले. कुंपणाबाहेर, खोल पाण्यात. मधोमध प्रवाह ओढत होता, हात भरून आले, एकदा वाटलं संपलं. पण पोचले! पलीकडच्या काठाला हात लागला! वळून बघितलं – कुणाचंही लक्ष नव्हतं. सगळी वाडी केळी खात होती. येनताई कालवा पोहून गेली, त्यात काय बघायचं? ती तर रोजच पाण्यावर असते!

आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम, आणि टाळी एकच. सासूबाईंची. शेजारणीनं बघितलं तर म्हणाल्या, "डास होता."

२ सप्टेंबर

पाणी चढलं. तांबूस, भरपूर. शेतं गेली पाण्याखाली, जाळी भरली छोट्या मासळीनं. पोरं शाळेत होडीनं जातात. यंदा मोठ्या पोरांच्या कमरेला कुठेच दोरी नाही.

१८ सप्टेंबर

कानात अजून पाणी आहे, पण आधी हे लिहून टाकते.

मामंजींचं वर्षश्राद्ध परवावर आलंय, म्हणून सासूबाई बाजाराला माझ्याबरोबर आल्या. परतताना होडीत भोपळ्यांची रास आणि त्यावर त्या बसलेल्या, राणीसारख्या. जाकीट मी त्यांना घाला म्हटलं होतं. "मी काय तुझ्यासारखी आहे?" म्हणून त्यांनी ते भोपळ्यांवर टाकून दिलं. मोठ्या वळणावर भाताची मालवाहू बोट जोरात गेली. पहिली लाट झेलली. दुसऱ्या लाटेनं उलटवलं.

खाली गेले. अंधार, तोंडात माती. मग पाय आपोआप हलायला लागले. वर आले. सगळीकडे भोपळे तरंगताहेत आणि सासूबाई नाहीत!

मग दिसल्या. एका भोपळ्याला दोन्ही हातांनी कवटाळून प्रवाहात चालल्या होत्या, डोळे मिटलेले. मी कशी पोचले ठाऊक नाही. मागून ब्लाउज धरला, त्यांची मान माझ्या खांद्यावर घेतली, आणि एका हातानं पाणी ढकलत निघाले. काठ येईना. तोंडात पाणी असतानाही बाई गप्प नाही – "पाय... पाय मार गं म्हशी... हनुवटी!" मी मारले पाय. शेवटी एका घाटाची पायरी लागली. दोघी तिथेच पडलो, भोपळा मधे. त्यांनी तो सोडलाच नाही.

एकाहत्तराव्या वर्षी गुडघे असे, म्हणून हातपाय मारता आले नाहीत बिचारीला. मी नसते तर? हा विचारच नको.

दोमभाऊंनी कर्ण्यावरून भोपळ्यांचं सांगितलं. संध्याकाळपर्यंत कालव्याकाठच्या लोकांनी होडी आणून दिली आणि अडवलेले भोपळेही. सगळे परत आले. एक जास्तच आला, तो कुणाचा कळेना. वेननं रात्री माझा हात धरून ठेवला होता, सोडेचना. मग मीच म्हटलं, सोड, स्वयंपाक कोण करणार.

२० सप्टेंबर

श्राद्ध छान झालं. पाहुणे गेल्यावर सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावत होते. म्हटलं, "आई, गुडघे दुखले असते तर दुखले असते, थोडे पाय तरी मारायचे होते."

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? मला कुठं पोहता येतं."

माझा हात तिथेच थांबला. "अहो, मग मला शिकवलंत ते?"

"साठ वर्षं घाटावर भांडी घासली. तुझे मामंजी पोहायचे, पाच पोरं शिकली. ऐकून ऐकून पाठ झालं सगळं." पाय माझ्या मांडीवर नीट ठेवत म्हणाल्या, "तू तरी विचारलंस का कधी?"

नाही विचारलं.

उद्या साडेपाचला दोघी उतरणार. काठावरून ओरडायचं कुणी, ते अजून ठरायचंय.