गोगलगायी, निळ्या गोळ्या आणि तुमचा मुकादम

आदरणीय साडूभाऊ,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे, थोरल्या ताईंचा खोकला आणि गॅलरीतलं ते एकुलतं एक निवडुंग, तिघांची तब्येत देवाच्या कृपेने ठीक असेल असं धरून चालतो. आम्ही दोघंही ठीक. कोबीची रोपं मात्र ठीक नाहीत.

तुम्ही पाठवलेला निळ्या गोळ्यांचा डबा पोचला. सोबतची आज्ञाही वाचली, की गोळ्या काचघरात पसरा, एक गोगलगाय उरणार नाही, आणि कुत्र्याची अडचण होत असेल तर तुमच्या इमारतीचा वॉचमन रविवारी टेम्पो घेऊन येईल, त्याला कुत्रा देऊन टाका. कुत्रा कोणाचा, हे तुम्ही मोठ्या मनाने लिहिलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावर राहायला जाताना ‘चार दिवस सांभाळा’ म्हणून तुम्हीच तो आमच्या फाटकाला बांधून गेलात. (ते चार दिवस अजून संपायचे आहेत.) स्वतः काडी न हलवता तो दुसऱ्यांच्या कामावर लक्ष ठेवतो, म्हणून आम्ही त्याला मुकादम म्हणतो. जमिनीवर पडलेली वस्तू आधी गिळावी आणि मग ती काय होती याचा विचार करावा, असा त्याचा शिरस्ता आहे. माझ्या चपलेचा पट्टा, भांड्यांचा साबण, टोमॅटोच्या बियांचं पाकीट, सगळं त्याच्या पोटातून जाऊन आलेलं आहे. तुमची निळी गोळी मात्र आत गेली असती ती त्याला घेऊनच. डब्यावर तसं लाल अक्षरात छापलंय. तुम्ही चष्मा लावून वाचत जा.

देवाने प्रत्येक जीव काहीतरी हेतूने घडवला असं मी मानतो, रोज हात जोडताना ते आठवतोही. पण गोगलगाय घडवताना त्याच्या मनात काय होतं हे विचारायचं धाडस अजून झालेलं नाही. पाय नाहीत, घाई नाही, आणि तरी सकाळी कामावर माझ्याआधी हजर. रोपाला दोन पानं फुटली की ती खाऊन मोकळी, वर मागे चकचकीत रेघ ओढून जाते, पोच दिल्यासारखी.

कोणीतरी सांगितलं, बशीत बिअर ओतून ठेवा, गोगलगायी वासाने येतात आणि बुडून मरतात. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दुकानाची पायरी चढलो. दुकानदार ओळखीचा निघाला. ‘काका, तुम्हीसुद्धा?’ म्हणाला. गोगलगायींसाठी हवीय म्हणालो, तर त्याने ज्या समजूतदारपणे मान हलवली तिला तोड नाही. गोगलगायी आल्या की नाही देव जाणे, बश्या मात्र मुकादमाने चाटून लख्ख केल्या आणि लेट्यूसच्या ट्रेमध्ये ताणून दिली. डॉक्टरकडे नेला, तर डॉक्टरही माझ्याकडेच संशयाने बघत होता. मग अंड्यांची टरफलं चुरून पसरली, म्हणजे गोगलगायींना टोचतील. मुकादमाने ती बिस्किटांसारखी संपवली आणि आणखी आहेत का म्हणून माझ्याकडे बघत बसला.

शेवटी तांब्याची पट्टी आणली. तांब्यावरून गोगलगाय सहसा जात नाही आणि कुत्रा तांबं खात नाही (या कुत्र्याबद्दलही माझा अंदाज बरोबर निघाला). गुडघ्यांवर बसून प्रत्येक टेबलाच्या प्रत्येक पायाला पट्टी गुंडाळली, समाधानाने हात धुतले, देवाचे आभारही मानून टाकले. सकाळी बघतो तर कोबी आधीपेक्षा जास्त खाल्लेला! सौ. आली, तिने टेबलावरचा रोपांचा एक ट्रे उचलला. खाली गोगलगायींचं अख्खं कुटुंब, आजी-आजोबांसकट. ‘अहो,’ ती म्हणाली, ‘चोर आत ठेवून बाहेरून कुलूप लावलंत. आता त्यांना उतरायचं म्हटलं तरी उतरता यायचं नाही.’ इतकं बोलून ती चहा करायला गेली. मुकादम तिथेच बसून मला न्याहाळत होता. कुत्र्याच्या नजरेत इतकी तुच्छता मी पूर्वी पाहिलेली नाही, तुमच्या सहवासातच शिकला असणार.

मग ट्रे उचलून उचलून सगळ्या वेचल्या. आता पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घालतो, म्हणजे अंधार पडेपर्यंत फरशी कोरडी होते. कोपऱ्यात एक ओली फळी टाकून ठेवतो, सकाळी त्या तिच्याखाली गोळा झालेल्या सापडतात. मारायला हात धजत नाही, म्हणून बादलीत घालून ओढ्यापलीकडच्या पडीक जागेत सोडून येतो. (सौ. म्हणते, ‘आलात का फिरवून मंडळींना?’) गोगलगायी संपलेल्या नाहीत. कमी झाल्यात. निम्मा कोबी मात्र गेला तो गेलाच. वॉचमन यायचाय परवा, आणि डबा अजून माळ्यावर आहे.

बाकी क्षेम. ताईंना आम्हा दोघांचा नमस्कार.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. वॉचमनला पाठवू नका. मुकादमाबद्दल वर जे लिहिलंय त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण कोबी पुन्हा पेरता येतो. त्याला नेण्याचा विषय आता इथेच संपला. सौ.ने काल त्याच्यासाठी नवीन गोधडीही शिवली, मला विचारलंसुद्धा नाही.

ता. क. दुसरा. डबा परत पाठवतोय. निवडुंगाला लागला तर वापरा.

ता. क. तिसरा. खरं काम राहूनच गेलं. दिवेलागणीला बाहेर पडणाऱ्या गोगलगायी वेचताना मला एक हात कमी पडतो. तुम्हाला वाकता येत नाही हे ठाऊक आहे, पण टॉर्च धरायला वाकावं लागत नाही. महिनाभर राहायला या. येताना ताईंना आणा, सल्ले तिकडेच ठेवा.